क्लिप बघणारी पोरं अख्खी मॅच कधी बघतील? एनबीएसमोरचा प्रश्न, सोप्या भाषेत

६ जून २०२५, शुक्रवार. आमच्याकडे कोपरखैरण्याला सकाळी सहा वाजता एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या प्रोफेशनल बास्केटबॉल लीगच्या, फायनल सिरीजची पहिली मॅच लागली, इंडियाना पेसर्स विरुद्ध ओक्लाहोमा सिटी थंडर, आणि मी चहा घेऊन एकटीच टीव्हीसमोर बसले. ऐरोलीला ऑफिस आहे त्यामुळे साडेनऊला निघालं तरी चालतं, म्हणून मॅच पूर्ण बघता आली. माझा भाचा ओंकार सुट्टीत आमच्याकडेच होता, नववीत जाणारा, बास्केटबॉलचं प्रचंड वेड. तो नऊच्या आसपास डोळे चोळत बाहेर आला. मी म्हटलं, अरे काय मॅच झाली, उठवायला हवं होतं तुला. तर म्हणतो, "बघितली आत्या. हॅलिबर्टनने मारला ना शेवटी, पॉइंट थ्री सेकंद राहिले होते."

उठून पाच मिनिटं नव्हती झाली आणि मॅच बघून झाली होती. म्हणजे क्लिप. पेसर्सच्या हॅलिबर्टनच्या शेवटच्या शॉटची, बारा-पंधरा सेकंदांची.

मी त्याला विचारलं, पेसर्स मॅचमध्ये पहिल्यांदा पुढे कधी गेले माहितीये? त्याला माहित नव्हतं. अख्ख्या ४८ मिनिटांत ते पुढे गेले ते फक्त त्या शेवटच्या शॉटवर, १११-११०, त्याआधी एकदाही नाही. पहिल्या हाफमध्ये त्यांनी १९ वेळा बॉल हातातून घालवला होता, चौथ्या क्वार्टरमध्ये १५ पॉइंटने मागे होते, आणि तरी जिंकले. हे ऐकून ओंकार खरंच गप्प झाला, मग म्हणाला, हे क्लिपमध्ये नव्हतं.

हा लेख मी त्या एका वाक्यासाठी लिहितेय, कारण गेली काही वर्षं जगभरातल्या प्रोफेशनल लीग ज्या प्रश्नावर डोकं धरून बसल्यात तो प्रश्न ह्या पोराने तीन शब्दांत सांगितला. पोरांना बास्केटबॉल आवडतो, फक्त ती अख्खी मॅच बघत नाहीत. मी कॉलेजात खेळायचे आणि आता शनिवार-रविवार आमच्या सेक्टरमधल्या पोरांना शिकवते, त्यामुळे दोन्ही बाजू रोज बघते.

आधी पैशाचं समजून घेऊ, कारण त्याशिवाय लीगला एवढी काळजी का ते कळत नाही. एनबीएची मोठी कमाई येते मॅच दाखवायचे हक्क विकून. २०१६-१७ पासूनचा आधीचा करार ९ वर्षांचा होता, साधारण २४ अब्ज डॉलरचा. जुलै २०२४ मध्ये नवा करार जाहीर झाला, डिस्ने, एनबीसी आणि अ‍ॅमेझॉनबरोबर, ११ वर्षांचा आणि सुमारे ७६-७७ अब्ज डॉलरचा, २०२५-२६ पासून लागू. आता गंमत बघा, पैसे तिप्पट झाले पण टीव्हीवर बघणारे तर कमी झालेत. १९९८ ला मायकल जॉर्डनच्या शेवटच्या फायनलला अमेरिकेत सरासरी जवळपास २ कोटी ९० लाख लोक बसले होते, आणि २०२५ च्या फायनलला, जी सातव्या मॅचपर्यंत गेली, सरासरी साधारण १ कोटी. मग कंपन्या एवढे पैसे का देतात? कारण बाकी सगळं माणूस त्याला हवं तेव्हा बघतो, सिरियल उद्या, पिक्चर पुढच्या महिन्यात, पण मॅच त्याच वेळेला बघावी लागते, आणि लाइव्ह बघणारा माणूस जाहिरातही बघतो. हा करार २०३६ पर्यंत आहे. तेव्हा ओंकार चोवीस वर्षांचा असेल, स्वतःच्या पगारातून सबस्क्रिप्शन घेणारा, आणि त्या वयातही तो फक्त क्लिपच बघत असेल तर पुढच्या कराराला कोण कशाला पैसे देईल? सगळी काळजी ह्याचीच आहे.

क्लिपचा खेळ एनबीएने स्वतःच सुरू केला हेही सांगायला पाहिजे, आणि माझ्या मते बरोबर केलं. बाकीच्या लीग यूट्यूबवर कुणी दहा सेकंदांचा तुकडा टाकला की तो काढून टाकायच्या मागे असायच्या, एनबीएने लोकांना टाकू दिला. लीगचे प्रमुख म्हणजे कमिशनर अ‍ॅडम सिल्व्हर ह्यांचं म्हणणं असं होतं की क्लिप म्हणजे मधल्या वेळचं खाणं आणि मॅच म्हणजे जेवण, फुकट खाऊ दिला की लोक जेवायलाही येतील. ह्याच धोरणामुळे कोपरखैरण्याच्या पोराला स्टेफ करीसारखा स्टार खेळाडू माहिती झाला, नाहीतर कुठून होणार होता, पेपरमध्ये एनबीएची बातमी दोन ओळींची. पण कुठल्याही आईला विचारा, पोरगं चार वाजता वडापाव आणि सहाला चिप्स खाऊन आलं की रात्री ताटावर बसून काय करतं. सिल्व्हर स्वतः सप्टेंबर २०२५ मध्ये म्हणाले की हा खेळ हायलाइट्सवर बराच चालतो, ज्यांना सगळी सबस्क्रिप्शन परवडत नाहीत त्यांना फुकट बरंच काही मिळतं, आणि त्यावर फॅन लोक चिडले. मला तो राग पटतो. ज्याला जेवायचंय पण परवडत नाही त्याला खाऊवर भागव म्हणणं बरोबर नाही.

क्लिपने अजून एक गोष्ट बदललीये, पोरं टीमची फॅन नसतात, खेळाडूची असतात. ओंकारकडे ल्युका डॉनचिचची ७७ नंबरची डॅलस मॅव्हरिक्सची निळी जर्सी होती, ठाणे स्टेशनबाहेरून घेतलेली, धुवायला पण द्यायचा नाही. फेब्रुवारी २०२५ ला डॅलसने ल्युकाला लेकर्सला देऊन टाकला, आणि त्याच दिवशी ओंकारच्या लेखी डॅलस संपलं. एका दिवसात! आमच्या वेळी, घरात सगळे ज्या टीमचे तीच आपली टीम, हरली तरी तीच. आता लेब्रॉन जेम्ससारखा स्टार क्लीव्हलँडहून मायामीला, परत क्लीव्हलँडला, मग लॉस एंजेलिसला गेला तर त्याच्याबरोबर लाखो पोरं गेली. ह्यात वाईट काही नाही, पण धोका आहे, कारण लेब्रॉन १९८४ चा, करी आणि ड्युरंट १९८८ चे, हे आज ना उद्या थांबणार, आणि माणसाच्या मागे आलेली पोरं माणसाबरोबर निघून जाऊ शकतात. शिवाय अमेरिकेतल्या लोकांना आपले वाटतील असे नवे चेहरे कमी, २०१९ पासून २०२५ पर्यंत एकदाही अमेरिकेत जन्मलेला खेळाडू एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू, झालेला नाही, ग्रीसचा यानिस, सर्बियाचा योकिच, कॅमेरूनमध्ये जन्मलेला एम्बीड, कॅनडाचा शे गिल्जस-अलेक्झांडर. मला ही लीगची ताकद वाटते. ह्या खेळाडूंच्या गोष्टी मन लावून सांगितल्या तर नवी मुंबईतल्या पोरालाही वाटेल की लांबून आलेल्यालाही इथे जागा आहे.

बऱ्याच लोकांचं म्हणणं, पोरांना धीर नाही, मॅच छोटी करा. सिल्व्हर ह्यांनी पण २०२५ च्या सुरुवातीला बारा मिनिटांच्या क्वार्टरऐवजी दहा मिनिटांची कल्पना मांडली होती, जगात बाकी बहुतेक ठिकाणी मॅच ४० मिनिटांचीच असते म्हणा. पण मला नाही वाटत लांबी हा मूळ प्रश्न आहे. हीच पोरं तीन-तीन तास गेमिंगचं लाइव्ह बघतात की. कंटाळा येतो तो मध्ये मध्ये काही घडत नाही तेव्हा. क्लोज मॅचची शेवटची दोन मिनिटं घड्याळात दोन, प्रत्यक्षात कधी कधी पंधरा, टाइमआऊट, मग फाऊल, मग रेफरी स्क्रीनवर रिप्ले बघतायत, मग परत टाइमआऊट. सगळ्यात रंगलेल्या वेळी खेळ थांबतो, आणि तेव्हाच पोरगं फोन उचलतं. २०१७-१८ ला एका मॅचमधले टाइमआऊट १८ वरून १४ केले, ते चांगलं झालं, अजून कमी करायला हवेत.

बास्केटबॉलवर अशी वेळ आधी पण येऊन गेलीय. नोव्हेंबर १९५० मध्ये फोर्ट वेन पिस्टन्सनी मिनियापोलिस लेकर्सना १९-१८ असं हरवलं. १९-१८! दोन्ही टीमचे मिळून ३७ पॉइंट, कारण एकदा पुढे गेलं की बॉल नुसता धरून ठेवायचा, शॉट मारायचाच नाही, असं चालायचं. लोक कंटाळले. मग सिरॅक्यूस टीमचे मालक डॅनी बियासोने ह्यांनी साधा हिशोब केला, चांगल्या रंगणाऱ्या मॅचमध्ये दोन्ही टीम मिळून साधारण १२० शॉट मारतात, मॅच ४८ मिनिटं म्हणजे २,८८० सेकंद, भागिले १२०, उत्तर २४. १९५४ पासून २४ सेकंदांत शॉट मारलाच पाहिजे असा नियम आला आणि खेळ वाचला. आपल्याला हे पटकन कळेल कारण कबड्डीत हेच आहे, ३० सेकंदांची रेड, आणि प्रो कबड्डीत दोन रेड रिकाम्या गेल्या की तिसरी डू ऑर डाय. २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा आमच्या सोसायटीतली, ज्यांनी कबड्डीला गावच्या जत्रेतला खेळ म्हणून सोडून दिलं होतं अशी माणसं पण रात्री टीव्हीसमोर बसायला लागली. खेळ तोच होता, प्रत्येक तीस सेकंदांना आता काहीतरी होणार ही खात्री आणि ते जवळून दाखवणारा कॅमेरा, एवढंच नवीन होतं. बेसबॉलने पण २०२३ ला बॉल टाकायला घड्याळ लावलं आणि सरासरी मॅच तीन तासांवरून २ तास ४० मिनिटांवर आली, खेळातलं काहीही न कापता, फक्त मधला रिकामा वेळ काढून.

दुसरी अडचण आहे मॅचला किंमत असण्याची. एनबीएची एक टीम सीझनला ८२ मॅच खेळते. आयपीएलमध्ये एक टीम लीगच्या १४ खेळते. १४ मधली एक हरली तर पोरं टेबल काढून नेट रन रेट मोजत बसतात, ८२ मधली एक हरली तर काय फरक पडतो, आणि हे खेळाडूंना पण माहित असतं म्हणून मोठे खेळाडू मध्ये मध्ये विश्रांती घ्यायला लागले. २०१८-१९ ला कवाय लेनर्ड टोरांटोसाठी ८२ पैकी ६० मॅच खेळला, बाकीच्या बऱ्याच वेळा त्याला मुद्दाम बसवलं, आणि टोरांटो चॅम्पियन झाली, म्हणजे टीमचं चुकलं असं पण म्हणता येत नाही. पण ज्या पोराने बाबांच्या मागे लागून तिकीट काढलं, जर्सी घालून गेलं, आणि आज तुझा हिरो नाहीये असं कळलं, ते पोर परत कधी हट्ट करणार? २०२३-२४ पासून नियम आला की साधारण ६५ मॅच खेळल्याशिवाय एमव्हीपीसारखं बक्षीस नाही. त्याच वर्षी सीझनच्या मध्ये एक वेगळी स्पर्धा सुरू केली, आता तिला एनबीए कप म्हणतात, रंगीत कोर्ट वगैरे, पहिल्या वर्षी लेकर्स जिंकले आणि जिंकणाऱ्या टीमच्या खेळाडूंना ५ लाख डॉलर प्रत्येकी. खेळाडू त्या मॅच जोर लावून खेळले हे दिसलं. मी असते तर ८२ च्या ७० पण केल्या असत्या, पण प्रत्येक मॅच म्हणजे तिकीट आणि जाहिरात, त्यामुळे ते कुणी पटकन करणार नाही.

लांबच्या लाइनबाहेरून मारायच्या तीन पॉइंटच्या शॉटबद्दल पण ओरड असते. १९७९-८० ला ही लाइन एनबीएत आली तेव्हा एक टीम एका मॅचला जेमतेम तीन शॉट तिथून मारायची, २०२४-२५ ला जवळपास ३८. हिशोबाने ते बरोबरच आहे, पण सगळ्या टीम एकसारख्या खेळायला लागल्या की क्लिप आणि मॅच ह्यात फरक उरत नाही, हे खरं.

मॅच पोरांपर्यंत पोचते का, ह्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय. अमेरिकेत आता सगळ्या मोठ्या मॅच बघायच्या तर तीन वेगवेगळ्या कंपन्यांकडे जावं लागतं. आपल्या गावच्या टीमच्या मॅच लोकल केबल चॅनलवर असायच्या, लोकांनी केबल तोडली आणि असे बरेच चॅनल चालवणारी डायमंड स्पोर्ट्स ग्रुप मार्च २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली. तेव्हा फिनिक्स सन्स आणि युटा जॅझ ह्या टीमनी उलटा रस्ता धरला, त्यांच्या लोकल मॅच अँटेनावर फुकट दिसणाऱ्या चॅनलवर आणल्या. मला हे फार आवडलं. आपल्याकडे २०२३ ला आयपीएल जिओसिनेमावर फुकट होती आणि मराठीत कॉमेंट्री होती, केदार जाधव त्याच मराठी कॉमेंट्रीत होता आणि तिथूनच बंगळुरूच्या टीमने त्याला खेळायला बोलावून घेतलं. माझी आई, वय ६८, त्या वर्षी पहिल्यांदा पॉवरप्ले म्हणजे काय हे मला समजावून सांगत होती. भाषेने हे होतं. बास्केटबॉलची मॅच कुणी मराठीत समजावत सांगितली, स्क्रीन म्हणजे काय (आपल्या टीममेटसाठी अंगाने समोरच्याची वाट अडवणं), हेल्प डिफेन्स म्हणजे काय (आपला माणूस सोडून दुसऱ्याच्या मदतीला धावणं), तर घणसोलीतलं पोर चौथ्या क्वार्टरपर्यंत बसेल हे मी खात्रीने सांगते.

आणि वेळ. आपल्याकडे एनबीए बहुतेक वेळा पहाटे साडेपाच ते सकाळी अकराच्या मध्ये कुठेतरी, म्हणजे शाळेच्या वेळेत. पण २५ डिसेंबरला तिकडे दुपारी बाराला पहिली मॅच असते, आपल्याकडे रात्री साडेदहा, दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी. २०२४ ला न्यूयॉर्क निक्स आणि सॅन अँटोनियो स्पर्सची मॅच होती, आमच्या हॉलमध्ये सात पोरं गादीवर आडवी, मध्ये पोह्याच्या चिवड्याचा डबा. स्पर्सच्या वेम्बान्यामाने ४२ पॉइंट केले, तरी निक्स ११७-११४ जिंकले. एकानेही मध्येच उठून क्लिप लावली नाही, कारण वेळ जमली होती आणि एकत्र बसले होते. वर्षातून अशा वीस मॅच भारताच्या रात्रीच्या वेळेला आणल्या तर केवढा फरक पडेल.

एका मार्गाला मात्र माझा ठाम विरोध आहे, बेटिंग. अमेरिकेत २०१८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर ते राज्याराज्यात सुरू झालं, आणि पैसे लावलेला माणूस मॅच शेवटपर्यंत बघतो म्हणून लीगला ते सोयीचं. एप्रिल २०२४ ला जॉन्टे पोर्टर नावाच्या खेळाडूवर ह्याच प्रकरणात कायमची बंदी आली. तेरा-चौदा वर्षांच्या पोराला मॅचची गोडी पैशातून लावायची नसते, बस.

खेळायला मिळणं ही तर पहिली पायरी. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएच्या दोन मॅच झाल्या, सॅक्रामेंटो किंग्ज आणि हेच इंडियाना पेसर्स, किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचेच. पहिल्या दिवशी गॅलरीत मुंबईतल्या शाळांमधली सुमारे ३,००० पोरं होती, मॅच ओव्हरटाइमला गेली आणि पेसर्स १३२-१३१ जिंकले. दुसऱ्या दिवशी मी सात वर्षांच्या ओंकारला घेऊन गेले होते, महालक्ष्मीला उतरून, त्याला खांद्यावर बसवून आत नेलं. त्याचं वेड तिथून सुरू झालं, मोबाइल त्याला खूप नंतर मिळाला. पण मॅच बघून घरी आलं की पोराला बॉल हवा असतो आणि रिंग हवी असते. आम्ही जिथे खेळतो त्या कोर्टची एक रिंग वाकलेली आहे, जाळी आम्हीच वर्गणी काढून लावतो, आणि क्रिकेटची टेनिस बॉल टुर्नामेंट असली की आमचं कोर्ट म्हणजे पार्किंग. तरी पोरं येतात, कारण अर्ध्या कोर्टवर तीन विरुद्ध तीन खेळता येतं. टोकियोपासून हा प्रकार ऑलिम्पिकमध्ये पण आहे, १० मिनिटं किंवा २१ पॉइंट, १२ सेकंदांत शॉट, एकच रिंग. आपल्याकडच्या जागेला आणि पोरांच्या वेळेला हा प्रकार अगदी फिट बसतो, आणि जो स्वतः स्क्रीन लावून धडक खातो त्याला टीव्हीवरच्या मॅचमधली स्क्रीनही दिसायला लागते.

हे मी अंदाजाने बोलत नाहीये. त्याच ६ जूनच्या संध्याकाळी ऑफिसमधून आले आणि ओंकारला म्हटलं चौथा क्वार्टर रिप्लेवर बघू, पण एक अट, बॉल बघायचा नाही. कोर्टवर मी पोरांना हेच करायला लावते, एक माणूस निवडायचा आणि पाच मिनिटं फक्त त्यालाच बघायचं. मी म्हटलं, पेसर्सच्या मायल्स टर्नरला बघ, हा २०१९ ला वरळीला आला होता, तू ह्याला बघितलंयस. पहिली दोन मिनिटं चुळबूळ, परत परत नजर बॉलकडे. मग हळूहळू पुढे सरकून बसला. शेवटचे अकरा सेकंद आले, थंडरच्या गिल्जस-अलेक्झांडरचा शॉट हुकला, पेसर्सच्या नेस्मिथने रिबाउंड घेतला, तिथे मी थांबवलं आणि विचारलं, आता कोच काय करेल? "टाइमआऊट," तो लगेच म्हणाला. पेसर्सचे कोच कार्लाईल ह्यांनी घेतला नाही. का नाही घेतला? ओंकारने तीन वेळा मागे घेऊन बघितलं. मग म्हणाला, "थंडरला उभं राहायला वेळच द्यायचा नव्हता ना." बरोबर, टाइमआऊट घेतला असता तर समोरच्यांनाही डिफेन्स लावायला वेळ मिळाला असता.

मग शॉट लागला, जो त्याने सकाळपासून पंधरा-वीस वेळा बघितला होता, आणि तो तरी ओरडला. आई आतून विचारायला आली काय झालं. ओंकारने रिमोट घेतला, क्वार्टरच्या सुरुवातीला नेलं आणि म्हणाला, "आजी, तू पण बस. आता पेसर्सच्या नेम्बहार्डला बघूया."